‘तू ड्रायव्हर वाटतच नाहीस!’

गेल्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा एक फोटो फिरला. मागे स्कॅनिया ट्रक उभा, अंगात पिवळंजर्द चमकणारं जॅकेट, काळी इस्त्रीची पँट, पायात सेफ्टी बूट. आमच्या वाड्यावरच्या एकाने खाली लिहिलं, ‘अरे, तू ड्रायव्हर वाटतच नाहीस!’ त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागली. कौतुकानेच लिहिलंय, हे मला कळतं. तरी ते लागलं. ड्रायव्हर कसा दिसतो हे आपल्याकडे आधीच ठरलेलं आहे, आणि तसा दिसणारा माणूस माझा बाप आहे.

बाबांनी आयुष्य खाणीच्या टिपरवर काढलं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून लोहखनिज भरायचं, आमोण्याच्या जेटीवर रितं करायचं, परत रांगेत. अंगात बनियन, हाफ पँट, खांद्यावर पंचा, आणि संध्याकाळी घरी यायचे ते पापण्यांच्या केसांपर्यंत लाल होऊन. साखळीच्या बाजारात त्यांना बघून बाजूला सरकणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. पण त्या माणसांपैकी त्या केबिनमध्ये बसलं कोण होतं?

तेव्हा गाडी घ्यायची म्हणजे चासी घ्यायची, नुसता इंजिन-चाकांचा सांगाडा. केबिन बॉडीबिल्डर बांधून द्यायचा, लाकूड आणि पत्रा ठोकून. आमच्या जुन्या अशोक लेलँडमध्ये इंजिन केबिनमध्येच, बाबांच्या डाव्या मांडीला लागून. झाकणावर गोणपाट आणि जुनी गोधडी घातलेली असायची, तरी एप्रिल-मे महिन्यांत त्याला हात लावायची सोय नव्हती. खिडकी बंद केली तर भाजून निघायचं, उघडी ठेवली तर पुढच्या गाडीची सगळी धूळ तोंडावर. त्या केबिनमध्ये सदरा घालून कोणी बसून दाखवावं.

आता इथली गोष्ट. इंग्लंडमधल्या स्विंडनला आपल्या गोंयकारांची वस्ती मोठी आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या यार्डात दोन विषयांवर तासन्‌तास बोललं जातं. एक पगार, आणि दुसरा, कोणाला कुठली गाडी मिळाली. स्कॅनियावाले वेगळ्याच जातीचे. त्यातही ‘व्ही-एट’, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनवाला मिळाला की त्याच्यापुढे दुसऱ्यांनी बोलायचं नाही. खरं तर आमच्या कामाला एवढ्या ताकदीची गरज नसते. इथे गाडी आणि माल मिळून ४४ टनांच्या वर वजन न्यायला परवानगी नाही आणि स्पीड लिमिटर लावलेलाच असतो. पण त्या इंजिनाचा आवाज ऐकायला माणसं रविवारी गाड्यांच्या मेळाव्याला जातात. व्होल्वोवाले शांत. आपल्याकडे व्होल्वो म्हटलं की पणजीहून रात्री सुटणारी बस डोळ्यांसमोर येते. इथे व्होल्वोचा एफएच ट्रक चालवणारा सांगतो की गिअर कधी पडला ते कळतसुद्धा नाही. आणि डॅफवाला म्हणतो, तुम्ही भांडत बसा, मी झोपतो, माझा बेड सगळ्यांत ऐसपैस आहे.

आमच्यात एक वयस्क गोरा ड्रायव्हर आहे, निवृत्तीला आलेला. तो अजून टाय लावून गाडीवर येतो. काचेमागे त्याच्या नावाची पाटी, गाडीच्या नंबरप्लेटसारखी केलेली. पहिल्या पायरीवर बुटांचा ब्रश अडकवलेला. बूट पायरीवर काढणार, ब्रशने माती झाडणार, बूट एका खोक्यात ठेवणार, आत घरची चप्पल, मग दार बंद. खाली उतरायचं झालं की सगळं उलट क्रमाने, पावसातसुद्धा. गाडी कंपनीची, पण दुसऱ्या कोणाला तो त्यात पाय ठेवू देत नाही. मी बघतो आणि मला बाबा आठवतात. गाडीत चप्पल घालून चढलेल्या क्लीनरला त्यांनी कितीदा खाली उतरवलं होतं. दसऱ्याला गाडी धुवायला आम्ही दोघे भाऊ पहाटे उठायचो. झेंडूच्या माळा बांधायच्या आधी नट न्‌ नट पुसून झालेला असायचा. गाडी नेटकी ठेवण्याची हौस आपण कोणाकडून शिकलेलो नाही. ड्रायव्हरने नेटकं राहावं अशी गाडीच कोणी दिली नव्हती, एवढाच फरक.

माझं म्हणणं एवढंच आहे. फोटोतली पँट इस्त्रीची राहिली ती माझ्या शिस्तीने नाही, केबिनने. इंजिन फरशीच्या खाली, सीट हवेवर तरंगणारी, एसी, रात्री इंजिन बंद असताना चालणारा हीटर, मागे बेड, बेडखाली फ्रिज. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, गाडीतलं टॅकोग्राफ यंत्र सगळं नोंदवून ठेवतं. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच १०. एवढं मिळाल्यावर माणूस नीटनेटका दिसला तर त्यात त्याचं कौतुक कसलं?

आणि इथे सगळं गोड आहे असंही समजू नका. जॅकेट, बूट आणि लांब पँट नसेल तर बऱ्याच गोदामांच्या फाटकातून आत सोडत नाहीत. जुलैत ३० अंशांच्या वर पारा गेला तरी हाफ पँट चालत नाही. नियम सुरक्षेसाठी आहे, मला मान्य आहे. पण एका मोठ्या गोदामात गाडी लावली, चावी काढून घेतली, खोलीत बसवलं, आणि शौचालय कुठे विचारलं तर उत्तर आलं की ते आमच्या स्टाफसाठी आहे. माल द्यायला आलेल्या ड्रायव्हरला शौचालय वापरू द्यायलाच हवं, असं इथला कायदा सांगतो. त्या माणसाला ते सांगितलं तेव्हा कुठे दार उघडलं. माझा पोशाख त्या दिवशी अगदी नियमाप्रमाणे होता.

आपल्याकडेही कायदा नव्हता असं नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षाचा. विश्रांतीगृह, गणवेश, दिवसाला ८ तास काम, सगळं त्यात लिहिलेलं. पण तो लागू व्हायचा पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना. कर्ज काढून एक टिपर घेतलेला माणूस स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. त्याला गणवेश कोण देणार? तो फेऱ्या मोजायचा, कारण बँक हप्ते मोजायची. पुढे २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि त्या टिपरांच्या चाकांभोवती गवत वाढलं. पोर्तुगीज पासपोर्टवर मी निघालो तो त्यामुळे. मला ‘देश सोडला’ म्हणून टोचणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

एक गोष्ट मात्र सांगायचीच होती. उत्तरेला माल घेऊन जाताना एम-सिक्स महामार्गावर २८ क्रमांकाच्या फाट्याला ‘लेलँड’ अशी पाटी लागते. लेलँड हे गाव आहे! १९५५ पासून अशोकच्या पुढे जे नाव लागलं ते या गावच्या कंपनीचं. आता तिथल्या कारखान्यात डॅफच्या गाड्या बनतात. म्हणजे मी कधी डॅफ चालवतो तेव्हा एका परीने बाबांच्याच कंपनीची गाडी चालवत असतो, असं मी मनाशी धरून चाललोय. फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पार्ट मिळतात का वेळेवर?’

खाणी पुन्हा हळूहळू सुरू होताहेत आणि माझा चुलतभाऊ टिपर घ्यायच्या विचारात आहे. दहा चाकी. त्याने मला कर्जाचं, मायलेजचं विचारलं. मी त्याला म्हटलं, आधी सीटवर अर्धा तास बसून बघ. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकला आपल्याकडे केबिनला एसी सक्तीचा झालाय, तेव्हा जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नकोस. एसी लावला तर डिझेल जास्त जातं म्हणून तो बंद ठेवशील, तर मी भांडायला येईन. त्याला भारतबेंझ आवडलीय. काका म्हणतात टाटा, गल्लीतला मेकॅनिकसुद्धा उघडतो. बाबा लेलँडवर ठाम आहेत. गणेश चतुर्थीला मी घरी येतोय, तोवर बुकिंग करू नका म्हणून सांगून ठेवलंय.