कुठेतरी पाणी मुरत होतं

सकाळी साडेनऊला चहाचा कप घेऊन जागेवर बसले आणि संगणकावर रात्रभर चाललेल्या हवामान मॉडेलच्या रनचा पहिला प्लॉट उघडला. मार्च महिना, जमिनीतून होणारं बाष्पीभवन. आता यातला मार्च म्हणजे २१,००० वर्षांपूर्वीचा, शेवटच्या हिमयुगाच्या कळसाचा. नकाशावर मुंबईच्या पश्चिमेला, आज जिथे समुद्र आहे तिथे, निळ्या रंगाची एक पाचर ठोकल्यासारखी दिसत होती. निळा म्हणजे भरपूर बाष्पीभवन. पाऊस थांबून पाच महिने झालेत, आजूबाजूचा सगळा भाग तपकिरी पडलाय आणि मधेच हा ओला तुकडा. त्याच्या कडाही सरळ, पट्टीने आखल्यासारख्या. हवामानाच्या नकाशात सरळ रेघ दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ती निसर्गाची नसते. आपण केलेल्या कुठल्या तरी कामाची असते.

मी पुण्यात हवामानाच्या मॉडेलिंगचं काम करते. हिमयुगात पश्चिम भारतात पाऊसपाणी कसं होतं, हे आम्ही प्रादेशिक मॉडेलने बघतो. जागतिक मॉडेलचा एक चौकोन शंभर-दीडशे किलोमीटरचा असतो. त्यात महाबळेश्वर आणि वाई एकाच घरात पडतात. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं महाबळेश्वर आणि पसरणीचा घाट उतरलं की त्याच्या काही अंशानेच पाऊस मिळणारी वाई. या दोघांची सरासरी काढली, तर सह्याद्री नावाची भिंत आहे हेच मॉडेलला कळत नाही. म्हणून आम्ही १२ किलोमीटरचे चौकोन घेतो. कॅनडावर तेव्हा साचलेला तीन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आमच्या नकाशात येतच नाही. त्याची वर्दी आम्हाला नकाशाच्या चारी सीमांवरून मिळते, दर सहा तासांनी, जागतिक मॉडेलने दिलेल्या वारा, तापमान आणि बाष्पाच्या आकड्यांमधून.

बाकी बदल करायला सोपे असतात. कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएम करायचा (आज तो ४२० च्या वर आहे), पृथ्वीच्या आसाचा कल २३.४४ अंशांऐवजी २२.९५ करायचा. खरी मेहनत किनाऱ्याची. समुद्राची पातळी तेव्हा १२० ते १३० मीटर खाली होती, कारण तेवढं पाणी बर्फ होऊन खंडांवर बसलं होतं. समुद्रतळाच्या खोलीची फाइल घेऊन मी महिनाभरापूर्वी नवा किनारा आखला होता. खंभातचं आखात नाहीसं झालं. कोचीसमोर साठेक किलोमीटर जमीन उघडी पडली आणि मुंबईसमोर जवळपास तीनशे. आपला पश्चिम किनारा समुद्राखाली किती सपाट आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

आदल्या दिवशीच आम्ही अरबी समुद्रावरचा वारा तपासला होता. ओमानसमोरच्या गाळात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाच्या सूक्ष्म जिवाची कवचं सापडतात. पावसाळी वारा जोरात वाहिला की खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि हा जीव फोफावतो. हिमयुगाच्या थरांत त्याची कवचं कमी आहेत, म्हणजे उन्हाळी वारा मंद होता. आमच्या रनमध्येही तो मंदच आला, तेव्हा जीव भांड्यात पडला होता. वारा जुळला म्हणजे बाकीचंही जुळलं असेल असं मी धरून चालले. आणि आता ही निळी पाचर.

पाचरीच्या आतल्या एका चौकोनावर क्लिक केलं. अक्षांश १९.४, रेखांश ७१.३. हे आकडे मला पाठ आहेत. हे बॉम्बे हाय, भर समुद्रातलं तेलक्षेत्र. माझ्या वडिलांची, अप्पांची सगळी नोकरी तिथे झाली. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टर. लहानपणी माझ्या भूगोलाच्या वहीत मुंबईच्या डावीकडे, कोऱ्या निळ्या भागात, पेन्सिलीचा एक ठिपका असायचा आणि त्याखाली ‘अप्पा’ लिहिलेलं असायचं.

त्या चौकोनाचा मातीचा प्रकार बघितला. चिकणमाती. खाली चार थर, एकूण दोन मीटर, आणि वरचा दहा सेंटिमीटरचा थर सोडला तर बाकीचे तिन्ही मार्चमध्येही ओले. मग लक्षात आलं. नवा किनारा आखल्यावर पहिलाच रन कोसळला होता, कारण नव्या जमिनीला मातीच नव्हती. तापमान नाही, ओलावा नाही, काही नाही. तेव्हा मी कोडमध्ये एका ओळीचा उपाय केला होता. रिकाम्या चौकोनाला त्याच्या सर्वांत जवळच्या जमिनीची माती द्यायची. रन चालला आणि मी ती ओळ विसरून गेले. बॉम्बे हायला सर्वांत जवळची जमीन मुंबईची वाटते, पण मोजलं तर दीवची बाजू जवळ आहे. म्हणजे माझ्या त्या एका ओळीने सौराष्ट्रातली काळी माती उचलून शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या त्या उथळ समुद्रतळावर, अंथरली होती. काळी माती पाणी धरून ठेवते. जानेवारीपर्यंत ओल टिकते म्हणून तर त्यावर रब्बीची पिकं निघतात. मॉडेलने आपलं काम चोख केलं होतं. त्याला सांगितलेल्या मातीत त्याने पाणी मुरवलं, सांभाळलं आणि मार्चमध्ये हळूहळू सोडलं. पट्टीने आखलेल्या त्या कडा म्हणजे ‘सर्वांत जवळचं कोण’ याच्या हद्दी होत्या.

काळी माती तिथे असायचं काही कारणच नाही. ती बेसाल्ट झिजून तयार होते, जागच्या जागी, फार सावकाश. मग तिथे काय असतं?

फाइली उघडायच्या आधी मी घरी फोन लावला.

“अप्पा, बॉम्बे हायला समुद्राच्या तळाशी माती कसली आहे?”

“आज अचानक हे काय?”

“सांगा ना.”

“माती कसली, रेती आहे. पण आपल्या चौपाटीसारखी नाही. शिंपल्यांचा, कवचांचा चुरा. हातात घेऊन चुरडलीस तर पीठ होईल.” मग जरा थांबून म्हणाले, “प्लॅटफॉर्मचे पाय रोवतात ना, ते लोखंडी पाइल तिथे हातोड्याखाली भराभर उतरतात. नवख्याला वाटतं, वा, काम लवकर झालं. पण भराभर उतरणं वाईट. रेतीचे दाणेच फुटतात, मग ती पाइलला धरून ठेवत नाही. अशा जमिनीचा वेगळा हिशेब करावा लागतो.”

तीस वर्षं ते त्या जमिनीवर उभे होते, पंचाहत्तर मीटर पाण्याच्या वर का होईना. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

दुपारपर्यंत मी नव्या जमिनीच्या सगळ्या चौकोनांना रेती दिली आणि नव्या रनचा जॉब संगणकाच्या रांगेत टाकला. रेतीतून पाणी झटकन खाली जातं, त्यामुळे पावसाळा संपला की वरचे थर लवकर कोरडे पडतात, मार्चमध्ये जमीन तापते आणि दिवसा-रात्रीच्या तापमानातला फरक वाढतो. तो फरक महत्त्वाचा, कारण दुपारी समुद्राकडून येणारा गार वारा त्यावरच चालतो. किनारा तीनशे किलोमीटर पश्चिमेला सरकला की तो वारा आजच्या कोकणापर्यंत पोचतच नाही. तेव्हाचा कोकण म्हणजे समुद्रापासून दूर, दुपारी तापणारा आणि रात्री गार होणारा, जवळजवळ देशावरच्यासारखा प्रदेश. एका मातीच्या रकान्यावर हे इतकं अवलंबून आहे.

जॉब रांगेत असतानाच गोव्याच्या एका मॅडमना मेल केली. त्यांचं आयुष्य समुद्रतळाचे नमुने तपासण्यात गेलंय. मला वाटलं होतं, त्या शाबासकी देतील. त्यांचा लगेच फोन आला.

“कवचांची रेती आहे हे बरोबर, बाहेरच्या शेल्फवर भरपूर आहे,” त्या म्हणाल्या. “पण तिचं वय बघितलंस का? त्यातली बरीचशी रेती बर्फ वितळून समुद्र परत वर चढायला लागल्यावर, उथळ कोमट पाण्यात तयार झालेली आहे. तुझ्या काळानंतरची. आणि किनाऱ्याजवळचा चिखल तर त्याहून नवा, नद्यांनी नंतर आणून टाकलेला.”

म्हणजे आज तळावर जे आहे, ते जमीन बुडत असतानाचं किंवा बुडाल्यानंतरचं. अप्पांची रेती खरी, पण ती माझ्या मार्चमध्ये अजून तयार व्हायची होती. मी गप्प झाले. मॅडमच पुढे म्हणाल्या, “दोन टोकं घे. एकात रेती, एकात गाळाची मध्यम माती. दोन्हींत जे सारखं येईल तेवढंच ठामपणे लिही. आणि माती तू कशी भरलीस ते पेपरमध्ये लिही. तळटीपेत नको, मुख्य मजकुरात.”

मला ते फार पटलं. आमच्या कामात वारा आणि पाऊस सगळे तपासतात. मातीचा रकाना कुणी विचारत नाही. तिथे सोय म्हणून भरलेली गोष्ट पुढे नकाशा होऊन बाहेर येते, मग शोधनिबंध होऊन, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे हिमयुगाने सांगितलं.

संध्याकाळी रेतीचा रन रद्द न करता त्याच्यामागे मध्यम मातीचा दुसरा लावला. नंतरच्या आठवड्यात दोन्ही पूर्ण झाले. पाचर दोन्हींत गेली होती. मार्चच्या तापमानात दोघांत चांगलाच फरक होता, म्हणून त्यावर आम्ही ठाम विधान केलं नाही. सह्याद्रीवरचा पावसाळी पाऊस आजच्यापेक्षा कमी, हे दोन्हींत आलं. तिथे मातीचा हात थोडा, मंद वाऱ्याचा आणि गार समुद्राचा जास्त. कोकणातली तापलेली दुपारही दोन्हींत तशीच राहिली.

पाचर दिसली त्याच दिवशी रात्री मी अप्पांना नकाशा पाठवला होता, हिमयुगातला किनारा आणि त्यांच्या जुन्या जागेवर लाल ठिपका. ठिपक्याच्या चारी बाजूंना जमीन. बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग एक प्रश्न आला, “तिथे उभं राहिलं असतं तर सह्याद्री दिसला असता का गं?”

मी कागद घेऊन हिशेब मांडला. समुद्र खाली गेला तरी कडे जेमतेम दीड हजार मीटर, म्हणजे हवा कितीही स्वच्छ असली तरी साधारण एकशे चाळीस किलोमीटरपर्यंत दिसतील. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. आणि तिथून घाट दोनशे किलोमीटरच्या वर.

“नाही अप्पा,” मी लिहिलं. “निदान साठेक किलोमीटर तरी चालत यावं लागलं असतं.”

“कोरड्या पायांनी ना?” त्यांनी विचारलं.

“हो. कोरड्या पायांनी.”