आजींचा तिसरा दिवा

इस्रायलमध्ये अश्दोदला एका बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू, आजींकडे मी मेतापेलेत आहे, म्हणजे घरी राहून सांभाळणारी. त्याआधी सांगलीत सहा वर्षं आयसीयूत काढलीत म्हणून आता सांगतेय ते जास्त खटकतंय, मला नियम माहीत नव्हते असं नाही.

आजींना सीओपीडी आहे, फुप्फुसांचा जुनाट आजार. कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनवर, मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्के ठेवायचं, त्याच्यावर न्यायचं नाही, नातेवाइकांना हे कितीही वेळा सांगा पटत नाही, त्यांना ९८ च बघायचं असतं. आणि ज्योत तीन मीटरच्या आत नको. ऑक्सिजन कपड्यात, केसात, पांघरुणात मुरतो, मशीन बंद केलं की लगेच धोका संपला असं नसतं, किमान वीस मिनिटं जाऊ द्यावी लागतात. नाकाला व्हॅसलीन तर अजिबात नाही. आजींच्या उशीखालून मी दोन डब्या काढल्यात.

हनुक्का म्हणजे आठ रात्री रोज एक दिवा वाढवत लावायचा ज्यू सण. त्यासाठी त्यांच्या लेकीने बॅटरीची हनुक्किया, म्हणजे त्या दिव्यांचं स्टँड, आणली. आजींनी तिला हातसुद्धा लावला नाही. बल्बवर ब्राखा, म्हणजे दिवे लावतानाची प्रार्थना, म्हणता येत नाही असं बरेच रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणतात. पहिल्या दोन रात्री लेकीने हॉलमध्ये खरे दिवे लावले. धर्माने ते पुरतं, घरातल्या एकाने लावलं की सगळ्यांचं होतं. आजींना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तरी तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, म्हणाल्या, "पोरी, आज मी लावणार."

शुक्रवार सगळ्यात अवघड. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासूनचा विश्रांतीचा दिवस, लागला की आग पेटवायची नाही, म्हणून हनुक्काचे दिवे आधी, शब्बाथचे नंतर, आणि सगळं सूर्यास्ताच्या आत. शिवाय अंधार पडल्यावर अर्धा तास तरी ते जळायला हवेत, म्हणजे सव्वा तास वगैरे, रंगीत बारक्या मेणबत्त्या तेवढ्या टिकत नाहीत. ऑलिव्हचं तेल, काचेच्या वाट्या, वाती. एवढा वेळ खोलीत ज्योत म्हणजे त्या खोलीत ऑक्सिजन नाही.

एजन्सीच्या नर्सला फोन केला, तिने एका वाक्यात नाही सांगितलं आणि ठेवला. नियम बरोबरच आहे, पण माणसाला काय हवंय ते विचारायचं नाही ही यांची पद्धत मला पटत नाही.

मग मी ठरवलं. हनुक्किया हॉलच्या खिडकीत, रस्त्यावरून दिसावी म्हणून, सणामागचा तेलाचा चमत्कार लोकांना दाखवायचा असतो. तिथून आजींच्या खोलीतला पलंग टेपने मोजला, पाच मीटर. ३:५० ला मशीन बंद, स्वेटर काढून सुती गाऊन, केस बांधले, खोलीची खिडकी उघडली. सॅच्युरेशन ८७.

त्या वीस मिनिटांत आजी मराठीतच बोलत होत्या. मी गप्प बसा म्हणत होते. "नवगावला गलबत फुटलं आमचं, मग कोकणात घाणे चालवले, शनिवारी बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या तेल काढलं, आणि तेलाचाच हा सण आम्हाला ठाऊक नव्हता गं." पूर्वज निघाले ते मक्काबींनी, म्हणजे ज्यू बंडखोरांनी, जेरुसलेमचं देऊळ परत घेऊन शुद्ध करण्याच्या आधी, म्हणून, असं त्यांच्यात मानतात. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ती गोष्ट कोकणात फार उशिरा पोचली.

४:१० ला उभ्या राहिल्या. वाट्या उजवीकडून भरल्या होत्या, पेटवायला सुरुवात डावीकडून, नवा दिवा आधी. दोन ब्राखा, प्रत्येक शब्दाला श्वास. शमाश, म्हणजे ज्याने बाकीचे पेटवायचे तो दिवा, हातात थरथरत होता, मी मनगटाखाली हात धरला होता पण शिवले नाही. तीन लागले, शमाश जागेवर ठेवला, मग शब्बाथचे दोन. ऑक्सिमीटर ८४. ओठ किंचित निळे.

व्हीलचेअरवरून पलंगावर आणलं, आधी हात साबणाने दोनदा धुतले कारण तेल आणि ऑक्सिजन जवळ नको, मगच नळी लावली. ९० यायला अकरा मिनिटं लागली, ती मी मोजली. खोलीचं दार उघडं ठेवलं. त्या हॉलच्या खिडकीकडे बघत पडून राहिल्या. दिवे जळेपर्यंत बायकांनी काम करायचं नाही अशी रीत आहे, मला म्हणाल्या, तू पण बस. बसले, पण डोळे ज्योतीवर आणि हात मशीनच्या बटणावर.

रात्री वहीत ८४ लिहिलं. कारणाच्या रकान्यात "उठून चालल्या" लिहिलं, आणि ते पान मी अजून दोनदा उघडून बघितलंय.