तुम्ही विचारलंत म्हणून: काऊबॉइजमध्ये नक्की कोणाचं चालतं?

मी फ्रिस्कोत राहतो, डॅलसच्या उत्तरेला, आणि काऊबॉइजचं, म्हणजे डॅलसच्या फुटबॉल टीमचं, ऑफिस घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे भारतातून नवीन आलेला कोणीही, गणपतीच्या जेवणात असो नाहीतर पोरांच्या ग्राउंडवर, चार मॅचेस बघून झाल्या की मलाच धरतो. टीम हरली की कोचला हाकलतात, मग जीएमला, म्हणजे जनरल मॅनेजरला, का नाही काढत? तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या गणपतीत मला निवांत जेवता येईल. (फुटबॉल म्हणजे इकडचं हं, बॉल हातात घेऊन पळायचं ते.)

अण्णा, म्हणजे माझे वडील, इकडे आले होते तेव्हा त्यांनी हेच विचारलं होतं, फक्त त्यांच्या पद्धतीने. टीव्हीवर मॅच चालू, काऊबॉइजचा बॉल गेला की कॅमेरा लगेच वरच्या काचेच्या बॉक्समध्ये, तिथे सूट घातलेला एक म्हातारा तोंड पाडून बसलेला. अण्णा म्हणाले, हा कोण रे सारखा? म्हटलं मालक, जेरी जोन्स. मग जनरल मॅनेजर कुठला? म्हटलं तोच. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, मग ह्याला मेमो कोण काढणार?

झालं, संपलं खरं तर इथेच. पण अण्णांना हे एका वाक्यात का कळलं ते सांगतो. तीस वर्षं ते साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते. उतारा घसरला की मीटिंगमध्ये पहिली खरडपट्टी चीफ केमिस्टची. आता ऊस तोडल्यावर तीन दिवस फडात पडून वाळला असेल तर लॅबवाल्याने काय साखर घरून आणायची? तोड कोणाच्या फडाला आधी द्यायची ते ठरवणार शेती खातं, आणि शेती खात्याला फोन येणार चेअरमनच्या बंगल्यावरून. पण कागदावर उताऱ्याची जबाबदारी कोणाची, तर केमिस्टची.

एनएफएलमध्ये, म्हणजे इकडच्या फुटबॉल लीगमध्ये, हेच आहे, फक्त शून्यं जास्त. मालकाचे पैसे. जीएम म्हणजे ड्राफ्टमध्ये कॉलेजची पोरं निवडणं, ट्रेड म्हणजे दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल, कॉन्ट्रॅक्ट, सॅलरी कॅपचा (पगारांच्या मर्यादेचा) हिशोब. कोच म्हणजे रविवार. भांडण कायम एकाच जागी होतं: शेवटच्या 53 खेळाडूंच्या यादीवर शेवटचा शब्द कोणाचा. टायटल काहीही असू दे, हा एक शब्द कोणाकडे आहे तेवढं बघायचं, बाकी सगळं व्हिजिटिंग कार्ड.

बिल पार्सेल्स नावाचा नावाजलेला कोच. 1996 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या टीमच्या, पेट्रियट्सच्या, मालकाने, रॉबर्ट क्राफ्टने, त्याच्या मनाविरुद्ध टेरी ग्लेन नावाचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, घेतला. त्याच सीझनला टीम सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत, गेली, हरली, आणि पार्सेल्स बॅग भरून निघाला. जाताना म्हणाला, स्वयंपाक मी करायचा तर निदान थोडा बाजार तरी मला करू द्या. हे वाक्य आजही इकडे म्हणीसारखं वापरतात. गंमत पुढे आहे. 2003 ला जेरीने ह्याच पार्सेल्सला डॅलसला आणलं, पार्सेल्सने त्याच टेरी ग्लेनला ट्रेड करून आणवलं, आता स्वतःच्या पसंतीने! म्हणजे माल वाईट नव्हता, पिशवी कोणाच्या हातात हा प्रश्न होता. आणि 2006 ला जेरीने टेरेल ओवेन्स नावाच्या रिसीव्हरला घेतलं, तर पार्सेल्स प्रेससमोर त्याचं नावही घ्यायचा नाही, नुसतं "तो प्लेयर" म्हणायचा. घरात सुनेने आणलेल्या मिक्सरबद्दल सासू बोलते ना, तसं. त्या सीझननंतर तो गेलाच.

आता मुख्य गोष्ट, जेरी आणि जिमी. कोणी आपल्याकडे यावर नाटक का लिहिलं नाही कळत नाही. जेरी जोन्स आणि जिमी जॉन्सन कॉलेजात एकाच टीममध्ये, आर्कन्सॉ, 1964 ला एकही मॅच न हरलेली टीम. 1989 ला जेरीने अंदाजे 14 कोटी डॉलरला काऊबॉइज घेतली, 29 सीझन कोच असलेल्या टॉम लँड्रीला पहिल्याच दिवशी काढलं आणि दोस्ताला आणलं. पहिल्या वर्षी एक जिंकली, पंधरा हरले. पण त्याच सीझनमध्ये आपला सगळ्यात मोठा खेळाडू, हर्शल वॉकर, मिनेसोटाला देऊन ड्राफ्टचे ढीगभर पिक्स, म्हणजे पोरं निवडायच्या पाळ्या, घेतले, आणि त्यातून जी टीम उभी राहिली तिने लागोपाठ दोन सुपर बोल मारले, 1992 आणि 1993 चा सीझन.

इथून दोस्ती फाटायला लागली, आणि कारण पैसा नाही, कारण श्रेय. खेळाडू निवडतो जिमी हे सगळ्या लीगला माहीत, पण जीएमची पाटी जेरीच्या दारावर. इकडे एक किस्सा सांगतात, की 1992 च्या ड्राफ्टच्या दिवशी खोलीत टीव्हीचे कॅमेरे येणार होते तर जेरी म्हणाला, पिक करायच्या आधी जरा माझ्याकडे बघत जा, म्हणजे आपण ठरवतोय असं दिसेल. खरं-खोटं त्या दोघांना माहीत, पण मला मालकाचा राग नाही येत यात, थोडी कीवच येते. एवढा पैसा ओतून माणसाला शेवटी काय पाहिजे, तर ह्यालाही यातलं कळतं असं चार लोकांनी म्हणावं.

मार्च 1994, ऑरलँडो, लीगची मीटिंग. पार्टीत जिमी जुन्या मंडळींबरोबर एका टेबलावर बसलेला, जेरी ग्लास उंचावून टोस्ट करायला गेला, आणि टेबल थंडच. जेरी तिथून निघाला आणि हॉटेलच्या बारमध्ये पत्रकारांना ऐकवलं की ही टीम दिली तर पाचशे कोच सुपर बोल जिंकतील. आठवड्याभरात दोघं वेगळे. बॅरी स्वित्झर आला आणि 1995 च्या सीझनला खरंच जिंकलासुद्धा, तेव्हा पाचशेपैकी एक तरी निघाला म्हणायचं. त्यानंतर आजतागायत काही नाही. मी 1997 ला इथे आलो, म्हणजे पंगत उठल्यावर, नुसती पत्रावळी उचलायला. आणि जिमीचं नाव स्टेडियममधल्या रिंग ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे मानाच्या नावांच्या ओळीत, लागायला 2023 चा डिसेंबर उजाडला, कारण तिथे कोणाचं नाव लावायचं हेही जेरीच ठरवतो.

हिशोब असा, जेरीच्या काळात जिमी धरून नऊ कोच, जीएम एक.

आणि असं नाही की मालक म्हणजे असाच असतो. ह्याच टीमचा पहिला मालक क्लिंट मर्चिसन, त्याने सगळा कारभार जीएम टेक्स श्रॅमवर सोडलेला. लँड्रीच्या पहिल्या चार सीझनमध्ये 13 विजय आणि 38 पराभव, लोक म्हणत होते काढा, तर 1964 ला मर्चिसनने त्याला आणखी दहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं! 1966 पासून सलग वीस सीझन ती टीम हरण्यापेक्षा जिंकली जास्त.

मग सगळं कोचच्या हातात द्या की, असं कोणीतरी म्हणतंच. तेही बघून झालंय, आमच्याच डिव्हिजनमधल्या फिलाडेल्फियात. 2015 ला ईगल्सच्या मालकाने जीएम हावी रोझमनला बाजूला करून खेळाडू निवडायचं सगळं चिप केली ह्या कोचकडे दिलं. केलीने लशॉन मॅकॉयसारखा धावणारा बफेलोला देऊन टाकला, आणि सीझनची एक मॅच बाकी असताना त्याचीच नोकरी गेली. रोझमन परत आला, दोनच वर्षांत सुपर बोल जिंकला. आम्हा डॅलसवाल्यांना हे लिहिताना पोटात दुखतं, पण खरं ते खरं. कोचला पुढचा रविवार दिसतो, त्याला तीन वर्षांनंतरचा हिशोब करायला लावणं म्हणजे विस्तवापुढच्या आचाऱ्याला कोठीच्या किल्ल्याही देणं.

तर मग जेरी ऐकत का नाही कोणाचं? कारण हरल्याने त्याचं काही बिघडत नाही. टीव्हीचे आणि लीगच्या बाकी सामायिक कमाईचे पैसे 32 टीम्समध्ये सारखे वाटले जातात. ग्रीन बे ह्या टीमला एक मालक नाही, लाखो शेअरहोल्डर आहेत, म्हणून त्यांना ताळेबंद दाखवावा लागतो, आणि त्यावरून बाकीच्यांचं कळतं: 2023-24 ला एकेका टीमला 40 कोटी डॉलरच्या वर, जिंका नाहीतर हरा. जेरीने 14 कोटीला घेतलेल्या टीमची किंमत फोर्ब्सने 2024 ला 1010 कोटी डॉलर लावली. एवढ्या चुका करून मलाही कोणी एवढं दिलं तर मीही कोणाचं ऐकणार नाही.

अगदीच हट्टी आहे असंही नाही. 2014 ला त्याला ड्राफ्टमध्ये जॉनी मॅन्झेल पाहिजे होता, पोराने, स्टीफनने, आणि बाकीच्यांनी त्याला थोपवून झॅक मार्टिन घ्यायला लावला. मॅन्झेल दोन सीझनमध्ये लीगबाहेर, मार्टिन नऊ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंमध्ये, निवडला गेला. पण थोपवणारा पोरगा होता हेही बघा. पगारी जीएम असता तर थोपवला असता का? मला शंका आहे.

आणि गेल्या वर्षीचं तर ताजं आहे. मायका पार्सन्स, टीमचा सगळ्यात भारी डिफेन्सवाला. जेरी म्हणे एजंटला बाजूला ठेवून थेट त्याच्याशीच बोलला, आमचं ठरलंय म्हणाला, पार्सन्सकडून म्हणणं की काही ठरलं नव्हतं, आणि ऑगस्ट 2025 च्या शेवटी, सीझन आठवड्यावर असताना, त्याला ग्रीन बेला देऊन टाकला. नवा कोच ब्रायन शॉटनहायमर, हेड कोच म्हणून पहिलंच वर्ष, त्याच्या स्टाफने आधी आखलेला डिफेन्स बिचाऱ्याच्या हातातच राहिला. महिन्याभराने ग्रीन बे इथे खेळायला आले, म्हणजे ज्यांना मालकच नाही ते, आणि मॅच 40-40 बरोबरीत सुटली.

रात्री अण्णांना फोन केला, त्यांच्याकडे सकाळ. स्कोअर सांगितला तर म्हणाले, चाळीस केले ना, मग कोचला काय बोलले? म्हटलं अजून काही नाही. म्हणाले, थांब, हंगाम संपू दे.