अर्धं वाक्य

पंच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. सरकारी वकील म्हणून मी त्याचा सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची पहिली तपासणी, घेत होतो. खुनाचा खटला. पोलीस कोठडीतला आरोपी पंचांसमक्ष जे बोलला, ते निवेदन पंचनाम्यात असं उतरवलं होतं : ‘मी कोयत्याने वार करून त्याला जिवे मारले व कोयता मळ्यातल्या कडब्याच्या गंजीत लपवून ठेवला आहे, सोबत चला, काढून देतो.’

पंचाने ‘मी कोयत्याने वार’ एवढं म्हणताच आरोपीचे वकील उठले. न्यायाधीशांनी हात वर केला, लघुलेखिकेची बोटं थांबली. ‘फक्त कोयता कुठे ठेवला ते घ्या.’ हरकत रास्त होती. ‘व’च्या अलीकडचं काहीच नोंदीत आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मयताची आई व्हरांड्यात आडवी आली. ‘वकीलसाहेब, मारलं म्हणून त्यानंच सांगितलंय ना? मग बोलू का दिलं नाही?’

‘मावशी, पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही.’

‘म्हणजे पोलिसांवर कोर्टाचा विश्वास नाही?’

रोज पोलिसांच्याच तपासावर उभा राहणारा मी. तरी तिला खरं तेच सांगितलं : या एका बाबतीत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने कलम २५ मध्ये तेच लिहून ठेवलं होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने कलम २३ मध्ये ते कायम ठेवलंय. कोठडीत माणूस मार चुकवायलाही ‘हो’ म्हणतो. तसा ‘हो’ ऐकून दुसऱ्याच कुणाला शिक्षा झाली, तर तुमच्या मुलाला मारणारा मोकळाच राहील, हेही मी तिला म्हणालो. ते तिला पटलं असं मी म्हणणार नाही.

‘त्याला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढेही नेलं होतं म्हणे.’

नेलं होतं, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली. तिथे दंडाधिकाऱ्यांनी पोलिसांना बाहेर काढलं आणि आरोपीला बजावलं की कबुली देण्याचं तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. विचार करायला वेळही दिला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘मला काही सांगायचं नाही.’ तिथेच ते थांबलं. असा नकार दिलेल्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही, ही तरतूद मला फार मोलाची वाटते. नाहीतर नकार द्यायची हिंमत कोण करेल?

तिने पंचनाम्याची प्रत मागितली. तिला वाचता येत नव्हतं. मी पेन्सिलीने ‘व’च्या पुढे खूण केली. तिने त्या खुणेवर बोट ठेवलं. ‘इथून पुढचं तेवढं चालतं?’

‘तेवढंच.’ आरोपीच्या सांगण्यावरून जी वस्तू सापडली, तिच्याशी थेट जोडलेलाच भाग घेता येतो; जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २७ होतं, नव्या अधिनियमात ते कलम २३ मध्येच आहे. ‘ज्याने मी मारलं’ हे शब्द त्यात बसत नाहीत, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ठरवून दिलंय. त्या अर्ध्या वाक्याने खून सिद्ध होत नाही. कोयता तिथे आहे हे त्याला माहीत होतं, एवढंच ठरतं. तेही वस्तू उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी नसेल तर जोरकस.

सुट्टीनंतर पंच पुन्हा पिंजऱ्यात आला. मी पुढचा प्रश्न विचारला : गंजीजवळ उभं राहिल्यावर कोयता दिसत होता का?

‘नाही साहेब. आरोपीनं वरच्या सात-आठ पेंढ्या काढल्या, तेव्हा मूठ दिसली.’

लघुलेखिकेची बोटं चालू होती. मागच्या बाकावर मावशी पुढे सरकून बसली होती.