तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं फिरणं परवडतं कसं?

मागच्या मंगळवारी सोलापूरच्या चाटी गल्लीत पिग्मी, म्हणजे दुकानदारांची बँकेतली रोजची बचत, गोळा करत होते. मशीनमधून पावती निघेपर्यंत दुकानाच्या मालकांनी विचारलं, "मॅडम, परत कुठं जाऊन आलात म्हणे?" बदामीला, म्हटलं. त्यापुढचा प्रश्न मला पाठ आहे. "परवडतं कसं हो तुम्हाला एवढं?" बँकेतले हेच विचारतात, मावशी विचारते, शेजारच्या वहिनी मला न विचारता आईला विचारतात. इतकी वर्षं मी "जमतं कसंतरी" म्हणून पुढच्या दुकानात जात आले. त्यानं कुणाचं समाधान होत नाही. बाई एकटी, कमिशनवर जगते आणि वर्षातून पाच-सहा वेळा बॅग उचलते, म्हणजे काहीतरी असणार, हे मागं बोललं जातं आणि माझ्यापर्यंत पोचतंही. म्हणून एकदा सगळं सांगते, न आवडणारं धरून.

पैसे पिग्मीतूनच येतात. ज्या मशीनवर तुमचे शंभर-दोनशे घेते, त्याच मशीनवर संध्याकाळी शेवटची पावती माझ्या खात्याची असते. रोज 70 रुपये, रविवार सोडून. वर्षाला 22,000 च्या आत. त्या खात्याला मी दुसऱ्या कशासाठीही हात लावत नाही. घरातला फ्रिज दोन वर्षं बंद होता, तेव्हाही मी हंपीला गेले. कुणाला हे पटणार नाही, ठीक आहे. पण एखाद्याच्या घरी फ्रिज असतो आणि माझ्या घरी तुंगभद्रेच्या काठाची सकाळ असते, यात संशय घेण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळत नाही.

दुसरा खर्च कुणी विचारत नाही. मी पाच दिवस नसले की माझं कलेक्शन मैत्रीण करते आणि त्या दिवसांचं कमिशन तिचं असतं. तिकिटापेक्षा ते जास्त होतं. स्वस्तात फिरते, असं माझ्याबद्दल म्हणतात तेव्हा हे कुणी धरत नाही, आणि कितीतरी वर्षं मीसुद्धा धरत नव्हते.

बाकी युक्त्या म्हणाल तर त्या लपवण्यासारख्या नाहीत. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे नळदुर्ग, पंढरपूर, औसा हे सगळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यातलं झालं. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पलीकडे कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण तो तिथल्या रहिवासी बायकांना. मी पूर्ण तिकीट काढते. रेल्वेचं म्हणाल तर अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. म्हणून तुकड्यातुकड्यानं तिकिटं काढण्यापेक्षा लांबचं एक तिकीट काढावं. मेल-एक्सप्रेसचं 500 किलोमीटरच्या वरचं तिकीट असेल तर वाटेत एकदा उतरता येतं, हजाराच्या वर असेल तर दोनदा. उतरल्यावर स्टेशन मास्तरकडून तिकिटावर तशी नोंद करून घ्यायची. जिथून निघालो तिथंच परत येणारं चक्री तिकीट तर याहून सोयीचं, त्यात आठ ठिकाणी उतरता येतं. मी ते 2016 साली एकदा काढलं. खिडकीवरच्या माणसाला ते माहीत नव्हतं. मी तीन दिवस चकरा मारल्या आणि चौथ्या दिवशी तिकीट घेऊनच आले. आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलंय, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून ठेवते. खायचं घरून नेते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठ दिवस टिकते, हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको.

पण हे सगळं पैसे वाचवण्याचं झालं. फिरण्यातून काही हाती लागावं, तर त्याचा मार्ग मला वेगळाच सापडला. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जायचं.

बदामीला मी सहा वेळा गेले. सोलापूरहून गदगच्या मार्गावर थेट गाडी आहे, रात्रीचा प्रवासही पडत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे एका दिवसात उरकलं, दीडशे फोटो काढले, आणि घरी येऊन कुठला फोटो कुठला ते सांगता येईना. ऐहोळ्यात टेकडीवर मेगुती म्हणून एक पडकं जैन मंदिर आहे. तिथं भिंतीत एक शिळा आहे, तिच्यावर बारीक अक्षरांत मजकूर. पहिल्या खेपेला मी तिच्याकडे बघितलंही नाही, ऊन फार होतं. तिसऱ्या खेपेआधी ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचलं. तो लेख इसवी सन 634 चा. लिहिणारा कवी रविकीर्ती, आणि त्यानं स्वतःला कालिदास-भारवीच्या रांगेत बसवलंय. त्याचा राजा बदामीचा चालुक्य, दुसरा पुलकेशी. त्याच्याबद्दल त्या लेखात म्हटलंय की 99,000 गावांच्या तीन महाराष्ट्रकांचं आधिपत्य त्याला मिळालं.

मी परत गेले, त्या शिळेसमोर अर्धा तास उभी राहिले. मला त्या लिपीतलं एक अक्षर येत नाही. पण आपला मुलूख तिथं आहे, चौदाशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्याची गावं मोजलीत, हे माहीत असताना त्या दगडावरून नजर फिरवणं वेगळं असतं. खाली गावात कुणी म्हशी धूत होतं, वर वारा होता, आणि अक्षरांच्या खाचांमध्ये धूळ बसलेली दिसत होती. त्या खेपेचा माझा सगळा खर्च 2,300 रुपये झाला. पहिल्या खेपेला याहून जास्त झाला होता आणि हाताला काही लागलं नव्हतं.

बदामीहून पाचेक किलोमीटरवर बनशंकरी. आईच्या माहेरची ती कुलदेवी. देवळाबाहेर बायका टोपली घेऊन बसलेल्या असतात. टोपलीत ज्वारीच्या भाकरी, दही, शेंगाची चटणी, एखादी भाजी. पहिली भाकरी हातात घेतली तेव्हा मला आईचीच आठवण आली. तीच पातळ, कडक, तव्यावर वाळवलेली. त्या बाईंना मराठी येत नव्हतं, मला कन्नड मोडकंतोडकं. "सोलापूर" म्हटल्यावर त्यांनी अजून एक भाकरी ठेवली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

आता जे सांगायचं टाळत होते ते.

मे 2018 मध्ये मी आईला जगन्नाथपुरीला नेलं. ती 62 वर्षांची होती. आयुष्यात तिनं पुरी तेवढी मागितली होती. सोलापूरहून भुवनेश्वरला थेट जाणारी कोणार्क एक्सप्रेस. तेव्हा ज्येष्ठांना सवलत होती, बायकांना 58 नंतर निम्मं तिकीट. मी स्लीपरचं काढलं. जाताना दोन्ही बर्थ नक्की झाले, आई खिडकीशी बसून गोदावरीला हात जोडत गेली. पुरीला धर्मशाळेत राहिलो, दर्शन झालं, समुद्रात पाय बुडवून ती लहान मुलीसारखी ओरडली. इथपर्यंत सगळं छान होतं.

परतीचं तिकीट आरएसी राहिलं. म्हणजे कडेचा खालचा एक बर्थ, दोघींनी बसून यायचं. त्याच गाडीला थ्री टिअर एसीत जागा होती. मी ती स्क्रीनवर बघितली. दोघींचा मिळून फरक दीड हजार रुपये. मी तिकीट बदललं नाही. शिवाय धर्मशाळेचा आणखी एका दिवसाचा आकार वाचावा म्हणून आदल्या संध्याकाळीच खोली सोडली आणि रात्र भुवनेश्वर स्टेशनच्या वेटिंग हॉलमध्ये काढली. आई बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. मी तिला म्हटलं होतं, "एका रात्रीचा प्रश्न आहे गं."

गाडी सुट्टीच्या गर्दीनं भरलेली होती. रात्र झाली तशी माणसं डब्याच्या वाटेवर, दोन बर्थच्या मध्ये, संडासाच्या दारापर्यंत झोपली. मी आईला आडवं व्हायला सांगितलं आणि तिचे पाय मांडीवर घेऊन बसले. तिला बाटली दिली की ती ओठाला लावायची आणि परत द्यायची. मी बघत होते. बाटलीतलं पाणी कमी होत नव्हतं, हे माझ्या डोळ्यांनी दिसत होतं, पण मनानं घेतलं नाही. सकाळी मी हिशेबाची वही काढली. दोघींचा सगळा प्रवास, राहणं, खाणं, दान धरून 7,400 रुपये. मी आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि आईला दाखवलं. ती हसली.

दुपारी वाडी सोडली तेव्हा डब्यातलं लोखंड हात लावू देत नव्हतं. कलबुर्गीच्या पुढं आई म्हणाली, "मला कसंतरी होतंय," आणि बसल्या जागी कलंडली. अंग तापलेलं, जीभ कोरडी, डोळे अर्धवट उघडे. समोरच्या तेलुगू बाईंनी आधी मला बाजूला केलं. त्यांनी आपल्या डब्यातलं ताक चमच्या-चमच्यानं तिच्या तोंडात घातलं, ओला पंचा मानेवर ठेवला, आणि वाटेवर बसलेल्या पोरांना हाकलून तिला आडवं केलं. दुधनी गेलं, अक्कलकोट रोड गेलं. त्या तासाभरात मी त्या बाईंना नावसुद्धा विचारलं नाही.

सोलापुरात उतरून थेट दवाखाना. लघवीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी गेलेलं, बीपी उतरलेलं. चार दिवस सलाईन. बिल 19,000. डॉक्टरांनी विचारलं, "प्रवासात पाणी प्यायल्या नाहीत का?" आई त्यांच्यासमोर काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे एवढ्या माणसांना उठवायचं. कुणाच्या अंगावर पाय पडला असता." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तू वही काढून बसलेलीस, खूश होतीस."

नातेवाइकांना मी सांगितलं की एसीचे पैसेच नव्हते. ते खोटं होतं. पिग्मीच्या खात्यात तेव्हा 6,000 रुपये होते. ते मी डिसेंबरात हंपीला जाण्यासाठी ठेवले होते.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, दर वेळी एसी आणि हॉटेल धरलं असतंस तर ना तू पुलकेशीच्या त्या शिळेपाशी पोचली असतीस, ना आईनं पुरी पाहिली असती. दीड हजार आज सोडायचे, उद्या दोन हजार सोडायचे, आणि मग सगळ्या जगासारखं "रिटायर झाल्यावर बघू" म्हणत बसायचं. तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. मी स्वतः आजही स्लीपरनंच जाते, वेटिंग हॉलमध्ये रात्र काढते, आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण तो त्रास माझा असतो, मी ठरवून घेतलेला. आईनं तो ठरवला नव्हता. तिला नाही म्हणायची सवय नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्याच सवयीच्या जिवावर माझा 7,400 चा आकडा उभा होता.

मग मी काही गोष्टी बदलल्या. कुणाला बरोबर न्यायचं तर खालचा बर्थ नक्की झाल्याशिवाय निघायचं नाही. वहीत आकड्याखाली रेघा मारणं बंद केलं. मागच्या वर्षी एका मैत्रिणीनं "तुझ्यासारखं स्वस्तात फिरायला शिकव" म्हटलं, तिला मी आधी पाण्याचं विचारलं आणि मग तिकिटाचं. याला कुणी शहाणपण म्हणू नये. बिल 900 रुपयांचं आलं असतं तर मी हे शिकले असते का, सांगता येत नाही.

मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली ती परत आली नाही, त्यामुळे आईचं तिकीटही आता पूर्ण लागतं. पण ती न येण्याचं कारण ते नाही. पुरीनंतर ती लांबच्या गाडीत बसलेलीच नाही. मी निघाले की दारात येऊन एवढंच विचारते, "खालचा मिळालाय ना?"

आणि आता गेल्या महिन्यात ती स्वतःहून म्हणाली, पौषी पौर्णिमेला बनशंकरीची जत्रा असते, एकदा माहेरच्या देवीला जाऊन यावं वाटतंय. तेव्हापासून मी वही उघडून बसलेय. घरापासून देवळापर्यंत मोटार ठरवली तर ड्रायव्हर, पेट्रोल, मुक्काम धरून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं माझं फिरणं त्यात जातं. रेल्वेनं गेलं तर दोघींचं मिळून काही शेकड्यांत भागतं, दिवसाउजेडी पोचता येतं, थंडीचे दिवस आहेत. जत्रेची गर्दी मात्र असणारच, आणि त्या गर्दीत ती पाणी पिईल का, हे अजून मला तिला सरळ विचारता आलेलं नाही.