आमच्या वस्तीतला नवीन विहार : कागदापासून स्लॅबपर्यंत (माझा अनुभव)

सगळ्यांना जय भीम. बऱ्याच जणांनी विचारलं की विहार बांधायला घेतला तर सुरुवात कुठून करायची, म्हणून आमचं जे झालं ते लिहितो, चुकांसकट.

आमचा जुना विहार म्हणजे टिनाची एक खोली, 10 बाय 14 ची. मे महिन्यात दुपारी आत बसायची सोय नाही आणि वर्षावासात (पावसाळ्याचे तीन महिने) ग्रंथवाचन चालू असताना पाऊस आला की टिनाच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, मागच्या बाया नुसत्या वाचणाऱ्याच्या ओठांकडे पाहत बसायच्या. चार वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेला मीटिंगमध्ये ठरलं की आता पक्का बांधायचा. मला सेक्रेटरी केलं कारण मला मोबाईलवर टायपिंग येतं, दुसरं काही कारण नाही.

पहिला अडथळा विटा-सिमेंटचा नव्हताच, कागदाचा होता. बँकेत खातं काढायला गेलो तर ट्रस्टच्या नोंदीवर जे 7 विश्वस्त होते त्यातले 4 वारलेले. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदल झाल्याचा अर्ज) द्यावा लागतो, आमच्याकडे वीस वर्षांत कोणी दिलाच नव्हता. मृत्यूचे दाखले, ठरावाची प्रोसिडिंग, उशीर का झाला त्याचा माफीचा अर्ज, वकील, तारखा, यात 11 महिने गेले. तुमच्याकडे नुसता विचार जरी चालू असला तरी हे काम आजच बघा बापा.

मग काही जण म्हणाले की दलित वस्ती सुधारच्या निधीतून करू, वर्गणी कशाला. पण ग्रामपंचायतीत विचारलं तेव्हा कळलं की त्यातून होतं ते समाजमंदिर, ते पंचायतीच्या मालकीचं राहणार, उद्या तिथं मतदान केंद्र लागो की लग्न. म्हणून तो विषय सोडला आणि घरोघरी वर्गणी. आमच्यातले बरेच जण नागपूरच्या साइटवर गवंडीकाम आणि सेंट्रिंग करतात, त्यांनी पैशाऐवजी रविवार दिले.

नकाशा माझ्या मावसबहिणीच्या पोरीने काढला, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे (आरसीसी ड्रॉइंग मात्र रीतसर स्ट्रक्चरल इंजिनियरकडून सहीसकट घेतलं). प्लॉट 40 बाय 60. हॉल 24 बाय 36, त्यातले 8 फूट बुद्धमूर्तीच्या चौथऱ्याला आणि भंतेजींच्या आसनाला. उरले 24 बाय 28, माणशी 6 चौरस फूट धरले तर 112 लोक मांडी घालून बसतील असा कागदावरचा हिशोब. पोरगी म्हणाली, कागद राहू दे मामा, आपण बसून बघू. प्लॉटवर चुन्याची फक्की मारून अख्खा हॉल आखला, दार कुठं, चौथरा कुठं, आणि रविवारी संध्याकाळी सतरंज्या टाकून सगळ्यांना आत बसवलं.

80 लोकांतच हॉल भरला. कारण म्हाताऱ्या बाया मांडी घालून बसतच नाहीत, पाय पसरतात. एक आजी मधोमध बसली आणि म्हणाली, "मले टेकाले भिंत पायजे, इथं मी कायले टेकू?" त्यावरून दोन्ही लांब भिंतींना आतून सव्वा फुटाचा ओटा निघाला, म्हणजे बसताही येतं आणि खाली बसून टेकताही येतं. दुसरी म्हणाली की दोन खांब मधात दाखवले आहेत, त्याच्यामागे बसणाऱ्याला मूर्ती दिसल का? खर्च कमी करायला आम्हीच ते टाकायला लावले होते. ते काढले, 24 फुटांच्या गाळ्याला (भिंत ते भिंत अंतराला) दोन फुटी बीम आले, लोखंड वाढलं, अंदाजपत्रक 18 लाखांवरून 20 च्या वर गेलं. बायांसाठी संडास-बाथरूम आणि खीर शिजवायला मागे शेड, हेही त्याच संध्याकाळी निघालं. तीन वर्षं कमिटीत आम्ही सगळे पुरुषच बोलत होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

खरं भांडण घुमटाचं. तरुण मंडळींना दीक्षाभूमीसारखा आतून पोकळ घुमट पाहिजे होता. आता दीक्षाभूमीचा स्तूप 120 फूट, आपला हॉल 24 फूट, पण ऐकतो कोण. शेवटी सगळ्यांना गाडीत घालून दुसऱ्या एका गावच्या घुमटवाल्या विहारात नेलं. आमच्या एका काकांनी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, ती तीन-चार वेळा परत आली. मग आम्ही त्रिशरण म्हटलं, दुसरी ओळ सुरू केली तरी पहिली डोक्यावर घुमतच होती. गोल छत आवाज एका जागी गोळा करून खाली फेकतं असं पोरीने समजावलं, पण टाळीनंतर समजवायची गरज नव्हती. आता आतून सपाट स्लॅब आणि त्याच्यावर बाहेरून दिसणारा 10 फुटी घुमट, असा तोडगा निघाला. हवेसाठी समोरच्या भिंतीला अजिंठ्याच्या चैत्यगृहासारखी घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी खिडकी, तिला विटांची जाळी. संध्याकाळचं ऊन तिच्यातून सरळ मूर्तीवर पडतं, हे मला मात्र बांधून झाल्यावरच दिसलं.

पायव्याला आमची काळी माती नडली. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. मुरूम लागेपर्यंत खोदायला सांगितलं होतं, तो साडेसहा फुटांवर लागला. जेसीबीवाला म्हणाला चार फुटांवर पुरते, पण आमच्या गवंड्यांनीच त्याला हाकललं. प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात जुना पिंपळ आहे, त्याच्या मुळ्या पायव्यात यायला नको म्हणून हॉलच पुढे सरकवला, झाड ते भिंत 16 फूट. झाड तोडायचं कोणी नावसुद्धा काढलं नाही.

स्लॅब टाकला एप्रिलमध्ये, पाण्याची बोंब. क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं व्हायला) स्लॅबवर आळी करून दोन आठवडे टँकरचं पाणी धरलं, घराघराच्या पाळ्या लावल्या. पैसे संपले की काम बंद, असं तीनदा झालं. कोणी टोमणा मारला की आमचे काका म्हणायचे, दीक्षाभूमीचं काम 1978 ला लागलं आणि लोकार्पण 2001 ला झालं, आपल्याले कायची घाई आहे. एकूण खर्च 23 लाखांच्या आसपास गेला.

प्लास्टर बाहेरून अजून बाकी आहे पण मागचा वर्षावास आतच झाला. ओट्यावरच्या जागेसाठी आता आज्या तासभर आधी येतात आणि तिथं पिशव्या ठेवून जागा धरतात, त्यावरून दोनदा बोलाचाली झाली. सध्या वाद गेटचा चालू आहे, अर्ध्यांना सांचीसारखं तोरण पाहिजे, अर्ध्यांना आधी कंपाउंड. रविवारी मीटिंग आहे, मी फक्की घेऊन जाणार आहे.