जून आला की एल्ड्रिज स्ट्रीट

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये, माशांच्या आणि भाजीच्या दुकानांच्या गर्दीत, 12 एल्ड्रिज स्ट्रीटला एक जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी ते 1887 साली बांधलं. पुढे वस्ती पांगली. 1950च्या दशकात मुख्य सभागृहाला कुलूप लागलं आणि उरलेली मंडळी तळमजल्यावर प्रार्थना करू लागली. 1986मध्ये वास्तू वाचवण्याचं काम हाती घेतलं गेलं, ते 2007 साली पुरं झालं. आता तिथे संग्रहालय आहे, मैफली होतात, व्याख्यानं होतात. एक लहानसा समुदाय शनिवारी अजूनही प्रार्थनेला जमतो. आम्हाला मात्र हे सगळं मागाहून कळलं. आधी कळली ती तिथली जत्रा!

जूनमधल्या एका रविवारी ती भरते. ‘एग रोल्स, एग क्रीम्स अँड एम्पानाडाज’ असं तिचं खमंग नाव. एग रोल चिनी शेजाऱ्यांचे, एग क्रीम ज्यूंचं, आणि पोर्तो रिकोच्या मंडळींना मानाचं पान मिळालं तेव्हा एम्पानाडा आला. एम्पानाडा म्हणजे आपल्या करंजीचा तिखटमिठाचा भाऊ. एग क्रीममध्ये ना अंडं ना साय. दूध, चॉकलेटचं सिरप आणि वरून सोडा. त्यामुळे आमच्या सासूबाईसुद्धा निर्धास्तपणे दुसरा पेला मागायच्या.

आम्ही न्यू जर्सीहून निघायचो. ग्रँड स्ट्रीटला उतरलं की क्लॅरिनेट ऐकू यायच्या आधी माणसं दिसायची. रस्ता गाड्यांना बंद. एकीकडे क्लेझ्मर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं संगीत, थोड्या वेळाने चिनी ऑपेरावाले रंगवलेल्या चेहऱ्यांनी उभे. एका टेबलावर हिब्रू अक्षरं, दुसऱ्यावर चिनी. मुलं दोन्हीकडून आपापली नावं लिहून आणायची.

माझा जीव रमायचा माहजाँग या सोंगट्यांच्या चिनी खेळाच्या टेबलांपाशी. चिनी आज्ज्यांइतक्याच ज्यू आज्ज्याही हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आल्या आहेत, पण अमेरिकन पद्धतीत जोकर असतात आणि दरवर्षी नवं छापील कार्ड निघतं. एकदा एका चिनी आजींनी ते कार्ड उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि परत ठेवताना असा काही चेहरा केला की समोरच्या ज्यू आजी खो-खो हसल्या. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत होतं असं वाटत नाही. सोंगट्यांचा खडखडाट मात्र सारखाच.

उन्हाने जीव नको झाला की आत जायचं. मी पुण्याची, कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, लहानपणापासून येता-जाता पाहिलेलं, पण फक्त बाहेरून. सिनेगॉगच्या आत माझं पहिलं पाऊल पडलं ते इथे. लाकडी जमिनीत बाकांपाशी खळगे पडलेत. प्रार्थना म्हणताना मागेपुढे झुलणाऱ्या माणसांच्या पायांनी ते पडलेत, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी शहाणपणाने ते बुजवले नाहीत. पूर्वेची गोल खिडकी मात्र 2010 सालची, किकी स्मिथ आणि डेबोरा गॅन्स यांची: निळ्या काचेवर सोनेरी चांदण्या. जुन्या वास्तूत नवं काही घातलं की मला बहुधा खटकतं. ही खिडकी नाही खटकली.

आमच्या मंडळाचा गणपती दणक्यात होतो, त्यात वाद नाही. पण शाळेचं सभागृह भाड्याने घ्यायचं, दारं लावून घ्यायची आणि आपणच आपल्याला मोदक वाढायचे. त्या गावचा एक शेजारी कधी आत आलेला मला आठवत नाही. इथे ज्यांची वास्तू ते बहुतेक निघून गेले, तरी मागे राहिलेल्यांनी गळा काढला नाही. सध्या शेजारी कोण राहतं ते पाहिलं आणि टेबलं रस्त्यावर मांडली.

हे मी एकदा परतीच्या गाडीत बोलून गेले. तर सोबतच्या काकू लगेच म्हणाल्या, “मग आपणही मागू की एक टेबल! रांगोळीचं.” पुढचा प्रश्न ओघानेच आला: जत्रेच्या नावात चौथा पदार्थ आपला घालायचा तर कुठला? बटाटेवडा आणि पुरणपोळी असे दोन तट पडले, आणि आमचं स्टेशन आलं तरी निकाल लागला नव्हता.